ऊठ प्रेता, नंबर आला

हसू जबड्यापासून सुरू होतं, हे तिला आता नेमकं ठाऊक झालं होतं. लोकांना वाटतं, ते पोटातून येतं. तिचं आधी जबड्यात उतरायचं. खालचा ओठ जड व्हायचा, जीभ दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी तोंडात पडून राहायची. मग मान. मान गेली की गुडघे. मधे थोडीशी फुरसत मिळायची, पण तिचा उपयोग व्हायचा असेल तर पडायची जागा आधी बघून ठेवावी लागायची.

म्हणून खेळाला अजून बराच अवकाश असताना ती दाराशी उभी राहून सभागृह निरखत होती.

एरवी हे शाळेचं व्यायामगृह. विनोद महोत्सवाच्या दिवसांत त्याच्या खिडक्यांना काळं कापड लागायचं, एका टोकाला कमरेइतका मंच उभा राहायचा आणि जमिनीवरच्या खेळाच्या पांढऱ्या-पिवळ्या रेघांवर खुर्च्या मांडल्या जायच्या. मागच्या रांगा लाकडी पायऱ्यांवर चढत गेल्या होत्या. पायऱ्यांच्या कडांना लोखंडी पट्टी होती. त्या रांगा तिनं लगेच बाद केल्या. मधल्या वाटेत दिव्यांच्या वायरी चिकटपट्टीनं दाबलेल्या. पहिल्या रांगेसमोर मोकळी जागा होती खरी, पण तिथे पडलं तर सगळ्या जगाला दिसणार. उजव्या भिंतीशी व्यायामाच्या जाड निळ्या गाद्या उभ्या टेकवून ठेवल्या होत्या. त्यांच्या लगतची कडेची खुर्ची तिला पसंत पडली. घसरलीच तर गादीवर कलंडेल, आणि अंधारात लोकांना वाटेल, बाईंना डुलकी लागली.

ती तिथे जाऊन बसली. गळ्यातला सुती स्कार्फ नीट केला. तळहात घामानं ओले झाले होते, ते पुसले.

बाहेर पटांगणात भर दुपारची गर्दी होती. जुन्या मालिकांमधल्या पात्रांचे वेश करून आलेले लोक एकमेकांबरोबर फोटो काढत होते. कुणीतरी कुठल्याशा साबणाच्या जाहिरातीची ओळ मोठ्यानं म्हणे आणि पलीकडून अनोळखी माणसं पुढची ओळ पुरी करत. दर वर्षी ती आणि तिचा धाकटा भाऊ या गर्दीत दिवसभर असायचे. एका मंडपातून दुसऱ्या मंडपात, मनगटावर कागदी पट्टा बांधून, एकाच्या विनोदावर हसू ओसरायच्या आत दुसऱ्याच्या दारात. मंचावरच्यानं एखाद्या जुन्या सिनेमाचा नुसता उल्लेख केला तरी दोघं एकमेकांना कोपर मारायची. ज्याचं कोपर आधी लागेल तो जिंकला. तिच्या बरगड्या संध्याकाळी दुखायच्या.

या वर्षी भाऊ मंचावर होता. आणि ती गादी शोधत होती.

भावाला घरी बारक्या म्हणत. आता तो दारातून वाकून आत यायचा, तरी बारक्याच. विमा कंपनीतली नोकरी सोडून तो विनोदाच्या मागे लागला तेव्हा आत्यानं अंथरूण धरलं होतं. ताई मात्र म्हणाली होती, "कर. पण आधी मला ऐकव. मी हसले तर लोक हसतील."

तेव्हापासून त्याची हीच रीत होती. नवा विनोद सुचला की तो तिच्या स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकायचा आणि सांगायचा. ती हसली तर पास. नाही हसली तर तो विनोद तिथेच मेला. दुसऱ्या कुणाला तो विचारत नसे. "ताई प्रयोगशाळेत काम करते," तो मित्रांना सांगायचा. "पाण्यात काय आहे ते तिला एका थेंबात कळतं. माझ्यात तर सगळं पाणीच."

पाणी तपासणं हे तिचं काम खरंच होतं. विहिरींचं, टाक्यांचं, नळाचं पाणी बाटल्यांत भरून यायचं. ती काचेच्या उभ्या नळीतून थेंब थेंब द्रावण सोडायची आणि रंग पालटला की तोटी बंद करायची. एक थेंब जास्त पडला तरी सगळं परत पहिल्यापासून. तिचा हात कधी चुकत नसे. एके दिवशी नमुने गोळा करणाऱ्यानं टाकीवरच्या माकडाची गोष्ट सांगितली, आणि तिच्या हातातला चंबू सुटला. चंबू फुटला त्याचं तिला काही वाटलं नाही. आपण तो सोडला नव्हता, हे तिला कळलं होतं. हात तिला न विचारता उघडला होता, आणि पुढच्याच क्षणी ती टेबलाचा पाय धरून जमिनीवर बसली होती, सगळं ऐकत, सगळं समजत, पण एक बोट हलवता येत नव्हतं.

"साखर द्या त्यांना, साखर," सगळे म्हणत होते.

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी तिला समजावून सांगितलं. झोपेत मेंदू हातपाय बंद करून ठेवतो, म्हणजे स्वप्नात धावणारा माणूस खरोखर उठून पळू नये. "तुमच्या बाबतीत ते बटण हसण्यानं दाबलं जातं. शुद्ध जात नाही. श्वास चालू राहतो. हसू ओसरलं की अंग परत येतं. कुणाकुणाला रागानं होतं, दचकल्यानंही होतं."

"दचकल्यानं मला नाही होत," ती म्हणाली. "परवा एक मोटार अगदी अंगावर आली. मी उडी मारून बाजूला झाले."

"म्हणजे तुमची अडचण फक्त आनंदाची आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन पुढ्यातल्या कागदांत डोकं घातलं. "गोळ्या देते. फरक पडायला वेळ लागेल. घरच्यांना सांगून ठेवा. जवळच्या माणसांत हे जास्त होतं. आत्ता माझ्यापुढे तुम्ही हसलात, काही झालं नाही. भावापुढे होईल."

तिनं भावाला सांगितलं नाही.

सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे तिनं एकदा पाहिलं होतं. आईच्या हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टर म्हणाले, जिवाला जपा. त्या दिवसापासून बारक्या घरात चवड्यांवर चालू लागला. ज्या आईला त्यानं जन्मभर नकला करून हसवलं, तिच्यासमोर तो हळू आवाजात औषधांच्या वेळा बोलू लागला. विनोद नाही, नक्कल नाही, टीव्हीसुद्धा आवाज बंद करून. आई शेवटी कंटाळून म्हणाली होती, "अरे, मेले नाही मी अजून. कुणीतरी रेडिओ तरी लावा." पण त्याच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते आई जाईपर्यंत निघालं नाही.

तिला पडायची भीती वाटत होतीच. पण खरी भीती ही होती, की हे बारक्याला कळेल, आणि तो तिच्यासमोर पुन्हा कधी विनोद करणार नाही.

म्हणून तिनं हसणंच बंद केलं. स्वयंपाकघरात तो सांगायचा आणि ती मनात मूलद्रव्यांचा तक्ता म्हणायची. हायड्रोजन, हेलियम, लिथियम. चेहरा धोंड्यासारखा. आणि बारक्या एकेक विनोद मारून टाकत होता. त्यातले काही इतके चांगले होते, की तो गेल्यावर ती पलंगावर उताणी पडायची, तो विनोद आठवायची आणि एकटी हसत, अंग सांडून, छताकडे बघत राहायची.

"तुम्ही ताई का?"

ती दचकली. महोत्सवाची स्वयंसेवक मुलगी समोर उभी होती, हातात विजेरी.

"कुणाची ताई?"

"ते मला नाही माहीत. पहिल्या रांगेत मधोमध खुर्चीवर कागद चिकटवलाय, 'ताई'. ते म्हणाले, एक बाई कोपऱ्यात लपून बसलेल्या असतील, त्यांना घेऊन या."

"मी इथेच बरी आहे."

"ते म्हणाले, तुम्ही असंच म्हणाल." मुलगी हसली. "म्हणाले, नाही आल्या तर खुर्चीसकट उचला."

तिला पहिल्या रांगेत बसावंच लागलं. पुढ्यात मोकळी लाकडी जमीन, मग लगेच मंच. दिव्यांचा उजेड तिच्या गुडघ्यांपर्यंत येत होता. शेजारी एक जाडजूड बाई मांडीवर तेवढीच जाडजूड पिशवी घेऊन बसल्या होत्या.

"नातेवाईक का?" बाईंनी कागदाकडे बघून विचारलं.

"बहीण."

"अगं बाई! म्हणजे तुमच्यावर पण विनोद असणार. माझ्या जावेचा मुलगा करतो हे. मी त्याच्या खेळाला जातच नाही. मागे त्यानं माझ्या घोरण्यावर पाच मिनिटं काढली."

पडद्याआडून बारक्या आला आणि तिच्यापुढे उकिडवा बसला. अंगात इस्त्रीचा शर्ट, चेहरा पांढराफटक. लहानपणी परीक्षेच्या दिवशी दिसायचा तसाच.

"पाणी प्यायलास का?" तिनं विचारलं.

"प्यायलो. सगळं बाहेर आलं." त्यानं तिचा हात धरला. त्याचाही ओला होता. "ताई, एक खरं सांगशील? माझं संपलंय का?"

"काहीतरीच काय!"

"तू हसत नाहीस. किती दिवस झाले, एकदाही नाही. तू तोंडावर कधी वाईट बोलणार नाहीस, म्हणून गप्प बसतेस, हे कळतंय मला. लोक काय, तिकीट काढलंय म्हणूनही हसतात." तो उठला. "आज मी तुझ्याकडे बघून बोलणार आहे. फक्त तुझ्याकडे. तू नाही हसलीस तर उद्या विमा कंपनीत साहेबांना भेटून येतो. रागावून नाही हं. खरंच."

"बारक्या, ऐक..."

पण दिवे मंद झाले होते आणि तो पडद्याआड गेला होता. सांगायचं ते तिच्या तोंडातच राहिलं.

मग टाळ्या, आणि तो मंचावर. पहिली वाक्यं जरा अडखळत आली, मग त्याला लय सापडली. आत्यावरचा विनोद. विमा कंपनीतून मेलेल्या माणसाला 'हयात असल्याचा दाखला घेऊन स्वतः या' असा निरोप गेला, तो विनोद. मागे सभागृह खदखदत होतं. तो प्रत्येक विनोदाच्या शेवटी तिच्याकडे बघत होता, आणि दर वेळी त्याच्या डोळ्यांत काहीतरी विझत होतं. ती खुर्चीच्या दांड्या धरून बसली होती. बेरिलियम, बोरॉन, कार्बन. नळीची तोटी बंद. एक थेंब नाही. नायट्रोजन. जबडा घट्ट.

"तुम्हाला आवडत नाहीये का?" शेजारच्या बाई डोळे पुसत कुजबुजल्या. "मला तर मेलीला धाप लागली."

"लहानपणी गुरुवारी रात्री टीव्हीवर भुताची मालिका लागायची," बारक्या सांगू लागला, आणि लोकांनी आठवणीनंच हुंकार भरला.

हे त्यानं तिला ऐकवलं नव्हतं. तक्ता तिला पुढे आठवेना.

"त्यात तो वेडा डॉक्टर! दर भागात स्मशानात जाणार, प्रेतावर हात फिरवणार आणि म्हणणार..." त्यानं आवाज खोल विहिरीतून काढला, "'ऊठ प्रेता, नंबर आला!' नंबर! स्मशानात! म्हणजे बाकीची प्रेतं रांगेत बसलीयत. 'आमचा कधी हो? सकाळपासून आलोय.' आणि त्यांच्याकडे प्रेताचं काम करणारा माणूस एकच. मालिका गरीब. दर गुरुवारी तोच मरायचा. आणि त्याच्या हातात..." तो थांबला. तिच्याकडे बघितलं. "ताई, सांग. हातात काय असायचं?"

घड्याळ. प्रेताच्या हातात मनगटी घड्याळ असायचं. दोघं जमिनीवर पोटावर पडून मालिका बघायची, आणि ते पहिल्यांदा तिलाच दिसलं होतं.

बारक्या मंचावर उताणा झोपला. हात छातीवर, डोळे मिटलेले. पक्कं प्रेत. मग एक डोळा हळूच किलकिला झाला. प्रेतानं मनगट जरासं वळवून घड्याळात पाहिलं, वैतागून सुस्कारा सोडला, आणि पुन्हा मेलं.

ती हसली.

ते तिच्या हातात राहिलंच नाही. जबडा सुटला, मान छातीवर आली, खुर्चीच्या दांड्यांवरून बोटं एकेक करून उघडली. ती खुर्चीवरून पुढे ओघळली, गुडघ्यांवर आली आणि तिथून कुशीवर, मंचासमोरच्या मोकळ्या जमिनीवर, भर उजेडात.

सभागृह फुटलं. इतका मोठा हशा तिनं त्या महोत्सवात कधी ऐकला नव्हता.

"ताई!" बारक्याचा आवाज आनंदानं फाटला होता. "ताई मेली! लोकहो, ही माझी बहीण. आमच्या घरचा खेळ आहे हा! जो आधी हसेल तो मेला, त्यानं जमिनीवर पडायचं. आई स्वयंपाकघरातून यायची तर दोन प्रेतं पडलेली. ती म्हणायची, मेलात तर मेलात, आधी चपला जागेवर ठेवा!"

सगळे हसले. आणि तिच्या आतही ते हसू पुन्हा फिरलं, कारण आई अगदी तशीच म्हणायची. अंग होतं त्याहून सैल पडलं. आता तिला कळलं, की हे थांबायचं तर त्यानं गमतीचं बोलणं थांबवलं पाहिजे, आणि तो थांबणार नाही. किती दिवसांनी ती हसली होती. तो कशाला थांबेल?

स्कार्फ चेहऱ्याखाली गोळा झाला होता. नाक आणि तोंड त्यात रुतलं होतं. श्वास चालू राहतो, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आणि तो चालू होताही. छाती आपलं काम करत होती. पण कापड उच्छ्वासानं ओलं होत चाललं होतं, आणि ओल्या कापडातून हवा किती थोडी जाते हे तिला चांगलं ठाऊक होतं. ती रोज पाणी गाळत होती. मान तसूभर वळवली असती तरी पुरलं असतं. तिनं मानेला सांगितलं. मान तिची नव्हती.

"आता हिला उठवायचं तर एकच मंत्र," बारक्या वरून म्हणत होता. "सगळ्यांनी म्हणा. खोल आवाजात. ऊठ प्रेता..."

"...नंबर आला!" अख्खं सभागृह गरजलं. लाकडी जमीन तिच्या गालाखाली थरथरली.

"कामात आहे वाटतं. परत!"

"ऊठ प्रेता, नंबर आला!"

लोक पायानं ठेका धरू लागले. कुणीतरी शिट्टी मारली. कापड श्वासासरशी आत ओढलं जात होतं, नाकपुडीला चिकटत होतं, सुटत होतं. तिला ओरडायचं होतं, आणि त्याच वेळी, हे सगळ्यांत भयंकर होतं, तिला अजून हसू येत होतं. शेकडो लोक पाण्यातल्या रेड्यासारख्या आवाजात तिला नंबर आल्याचं सांगत होते. यावर न हसणं तिला जमत नव्हतं. हसू आलं की अंग आणखी सुटत होतं, अंग सुटलं की चेहरा कापडात आणखी रुतत होता. आपण हसता हसता मरणार, आणि लोक टाळ्या वाजवणार, असं तिला अगदी स्वच्छ, शांतपणे दिसलं.

"बघा हं," बारक्या म्हणाला, "ही प्रेत म्हणून नेहमी एक लबाडी करायची. मंत्र झाला की आधी पायाचा अंगठा हलवायची. म्हणजे मला कळावं, खरी मेलेली नाही. मी लहान होतो ना, घाबरायचो. बघा, आता हलेल."

लोक बघू लागले. तिची चप्पल पडताना निघाली होती, अंगठा उजेडात होता.

"ताई, अंगठा."

हशा.

"ताई?"

हशा, पण थोडा विरळ.

"ताई, अंगठा हलव ना."

हा आवाज मंचावरच्या माणसाचा नव्हता. लहानपणी गुरुवारी मालिका संपल्यावर अंधारात पलीकडच्या अंथरुणातून यायचा, तो होता. मागे अजून कुणी हसत होतं. माइक जमिनीवर आदळल्याचा धाडकन आवाज झाला आणि सगळं एकदम गप्प झालं. मंचावरून उडी. गुडघे तिच्याशेजारी टेकले.

"ताई! ए ताई! अगं बघ ना!" त्यानं तिला उताणं केलं, कापड ओढून काढलं. हवा आत आली, थंड, पोटभर. तिचे डोळे अर्धे मिटलेले होते, त्यांच्या फटीतून तिला त्याचा चेहरा दिसला. आई गेली त्या सकाळचा चेहरा.

तिच्यातलं हसू फुंकर मारल्यासारखं विझलं. त्याच्या भीतीची भीती तिच्यात उतरली, आणि तिच्यामागून, दूरवरून, तिचं अंग परत येऊ लागलं.

तिनं अंगठा हलवला.

शेजारच्या बाई ओरडल्या, "हलला! अहो हलला!"

सभागृहातले दिवे लागले. कुणी पाणी आणलं, कुणी "हवा येऊ द्या" म्हणत सगळ्यांच्या पुढे येऊन उभं राहिलं. बारक्यानं तिचा खांदा धरून ठेवला होता. तिचा जबडा परत तिचा झाला तसं ती म्हणाली, "चक्कर नाही. साखर नको."

"मग काय आहे? काय झालं तुला?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिनं त्याला सांगितलं, तिथेच जमिनीवर, हळू आवाजात. बटणाचं, चंबूचं, गोळ्यांचं, तक्त्याचं. "मी हसत नव्हते कारण तू चांगला होतास. मेलेले सगळे विनोद चांगले होते. ते पत्त्यांच्या डावावरचे तेवढे सोडून."

तो ऐकत होता, आणि तिला ज्याची भीती होती तेच होताना तिला दिसत होतं. त्याचा चेहरा मऊ झाला, जपून ठेवल्यासारखा. त्यानं तिच्या खांद्यावरचा हात सैल केला, जणू ती काचेची आहे. आवाज खाली आला.

"घरी जाऊ या," तो म्हणाला. "रिक्षा बोलावतो. तू बोलू नकोस. सावकाश ऊठ."

"खेळ राहिलाय तुझा."

"खेळाचं काय घेऊन बसलीस!"

"मला ऐकायचाय."

"ताई, तू मरता मरता वाचलीस."

"स्कार्फ होता तोंडावर, म्हणून. काढला ना? मला उताणी झोपव, तोंडावर काही नको, डोकं आपटायला काही नको. मग मी कितीही हसले तरी चालतं. ती गादी आण." तिनं भिंतीकडे बोट दाखवलं.

स्वयंसेवक मुलीनं आणि आणखी दोघांनी निळी गादी ओढत आणली, मंचासमोर आडवी टाकली. ती तिच्यावर झोपली. शेजारच्या बाई खुर्ची सोडून तिच्या डोक्याशी मांडी घालून बसल्या. "मी बघते नाकातोंडाकडे," त्या बारक्याला म्हणाल्या. "चार मुलं झोपवलीयत मी. तू जा वर."

तो गेला, पण नुसते पाय गेले. माइक उचलला तेव्हा त्यात त्याचा श्वास ऐकू येत होता. "तर..." तो म्हणाला. "विमा कंपनीत..." आणि तिच्याकडे बघून थांबला. पुन्हा सुरुवात केली. वाक्य चुकलं, शेवट आधी आला. कुणी हसलं नाही. लोकांचेही डोळे गादीवर होते. हसलो तर बाई मरेल, असे सगळे ओठ दाबून बसले होते. व्यायामगृहात अशी शांतता पसरली, की छतावरच्या पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. आईच्या खोलीत असायची तीच ही शांतता. तीच, औषधांच्या वासाशिवाय.

बारक्या मंचाच्या मधोमध उभा होता, हात लोंबत, डोळे तिच्यावर. जिवंत माणूस इतका मेलेला तिनं कधी पाहिला नव्हता.

यापुढे रोज हेच असेल. चवड्यांवरची पावलं, आवाज बंद केलेला टीव्ही. गादीवर पडल्या पडल्या तिनं श्वास भरून घेतला, आवाज जितका खोल नेता येईल तितका नेला.

"ऊठ प्रेता," ती म्हणाली, "नंबर आला."

मागच्या रांगेत कुणीतरी घशातल्या घशात खाकरलं.

बारक्यानं तिच्याकडे पाहिलं. मग त्यानं डोळे मिटले. उभ्या उभ्याच, मान एका बाजूला टाकून. बराच वेळ तो तसाच राहिला. त्याला जमणार नाही, असं तिला वाटलं. मग त्याचा एक डोळा किलकिला झाला. डावं मनगट हळूच, चोरून, वर आलं.

"ताई," तो घुसमटत म्हणाला, "घड्याळ घरी राहिलं."

डोक्याशी बसलेल्या बाईंनी पहिला ठसका दिला. मग मागून एक, मग दुसरा. तिचा जबडा जड होऊ लागला. हायड्रोजन, हेलियम, तिच्या मनात सवयीनं सुरू झालं. तिनं ते मधेच सोडून दिलं. बाईंचा तळहात तिच्या हनुवटीखाली आला. वर बारक्या वाकून तिच्याकडे बघत होता, घाबरलेला, पांढराफटक, आणि पुढचं वाक्य त्यानं तोंडात तयार ठेवलं होतं. त्याला आधी काय बघायचं आहे, हे तिला ठाऊक होतं.

मान जायच्या आत तिनं अंगठा हलवला.